कागदावरची हमी : फ्लोरिडातली ४७७ मुलं

मार्च २०१४ मध्ये 'मायामी हेरल्ड' या दैनिकाने अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याविषयी एक यादी छापली. २००८ च्या जानेवारीपासूनच्या सहा वर्षांत मारहाणीने किंवा हेळसांडीने दगावलेली ४७७ मुलं त्या यादीत होती. एवढ्या मोठ्या राज्यात मुलं दगावतात, ती बातमी नव्हती. या यादीत येण्याची अट वेगळी होती. मुलाचं घर सरकारच्या बालकल्याण विभागाला आधीपासून माहीत असलं पाहिजे. म्हणजे मृत्यूच्या आधीच्या पाच वर्षांत त्या कुटुंबाविषयी तक्रार आलेली, कुणीतरी दार वाजवून आत डोकावून आलेलं, फाइल उघडलेली आणि पुष्कळदा बंदही केलेली.

या ४७७ पैकी ३२३ मृत्यूंशी दारूचा किंवा अमली पदार्थांचा संबंध होता. तीनात दोन. सत्तर टक्क्यांहून थोडी जास्त मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रकरणाचा बराचसा उलगडा होतो: नशेत असलेलं मोठं माणूस आणि ज्याला अजून पळता, बोलता, शेजाऱ्याचं दार ठोठावता येत नाही असं मूल.

हा हिशेब सरकारने स्वतः मांडलेला नव्हता. फ्लोरिडात सरकारी कागद मागण्याचा नागरिकांचा हक्क जुना आणि भक्कम आहे, आणि छळाने किंवा हेळसांडीने मूल गेलं तर त्याची फाइलही, तक्रारदाराचं नाव वगैरे झाकून, लोकांना मिळू शकते. पत्रकारांनी त्या फाइली मागवल्या, विभागाशी बराच काळ झगडले, आणि एकेक मृत्यू स्वतः मोजला. विभाग राज्यपालांना आणि विधिमंडळाला जे आकडे देत होता ते यापेक्षा बरेच कमी होते.

अशा प्रकरणात 'कुणाच्या लक्षातच आलं नाही' हे वाक्य पहिल्यांदा ऐकू येतं. इथे ते चालत नाही. आईबाप नशा करतात हे विभागाला माहीत होतं, फाइलीत तपासनिसाच्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं. माहिती असूनही यंत्रणेने तिचं जे केलं, तो या लेखाचा विषय आहे. मुलांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आहेत. मला ती इथे पुन्हा लिहायची गरज वाटत नाही.

तीन वाटा

विभागाचं नाव डिपार्टमेंट ऑफ चिल्ड्रन अँड फॅमिलीज. काम सुरू होतं फोनने. राजधानी टॅलहासीत चोवीस तासांची हॉटलाइन आहे, आणि फ्लोरिडाच्या कायद्यानुसार मुलाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचा संशय आला तर कळवणं हे डॉक्टर-शिक्षकांचंच नव्हे, प्रत्येक माणसाचं कर्तव्य आहे. तक्रार स्वीकारली गेली की तपासनीस तातडीने किंवा चोवीस तासांच्या आत घरी पोचतो. बहुतेक काउंटींत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, हा तपासनीस विभागाचा नोकर. ब्रॉवर्ड, पिनेलास, हिल्सबरो अशा काही काउंटींत त्या काळात हे काम शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाकडे होतं. तपास ६० दिवसांत संपवायचा.

पुढचं सगळं तिसऱ्याच्या हातात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कायदा करून राज्याने फॉस्टर घरं (घरातून काढलेलं मूल ज्या दुसऱ्या कुटुंबात तात्पुरतं ठेवतात ती), मुलांच्या भेटी, कुटुंबांना मदत ही कामं खासगी, बिगरनफा संस्थांकडे द्यायला सुरुवात केली आणि २००५ पर्यंत ते पूर्ण झालं. तपासणारा एक, सांभाळणारा दुसरा. मधल्या फटीत काय काय सांडतं हे आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कार्यालयात दोन खेटे घातलेल्या माणसाला सांगायला नको.

घरात नशा आहे आणि मूल लहान आहे असं दिसलं की तपासनिसापुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात. पहिली, मुलाला घरातून काढायचं. मग चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं राहून कारण द्यावं लागतं. दुसरी, मूल घरीच ठेवायचं पण न्यायालयाची देखरेख लावायची. न्यायाधीश आईला उपचार घ्यायला लावू शकतो, लघवीची तपासणी लावू शकतो, पुढच्या तारखेला हजर राहायला सांगू शकतो, आणि ती आली नाही तर ते लगेच कळतं. तिसरी वाट न्यायालयाच्या दारावरून जातच नाही. एक कागद लिहायचा, आईची किंवा बापाची सही घ्यायची, सेवासंस्थेचा फोन नंबर द्यायचा आणि निघायचं. या कागदाला सेफ्टी प्लॅन म्हणतात.

तिसरी वाट सगळ्यांनाच सोयीची. आईला मूल जाण्याची भीती नाही, तपासनिसाला वकिलासमोर पुरावा मांडायची दगदग नाही, संस्थेला फॉस्टर घर शोधायचं नाही. ती ज्याच्यासाठी आहे त्याचं मत विचारायची सोय नाही, कारण तो आठ महिन्यांचा आहे.

इथवर कसे आले

या राज्याचा इतिहास दोन टोकांमधल्या येरझाऱ्यांचा आहे. १९९८ मध्ये सहा वर्षांची एक मुलगी बापाच्या मारहाणीत गेली. आधी तक्रारी झालेल्या होत्या. लोक भडकले आणि १९९९ मध्ये कडक कायदा आला. तक्रारींचा आणि घरातून काढलेल्या मुलांचा पूर आला, तपासनिसांच्या टेबलावर फाइलींचे ढीग लागले. मग २००२ मध्ये मायामीत उघड झालं की राज्याच्याच ताब्यातली, कोकेनच्या आहारी गेलेल्या आईची, एक लहान मुलगी पंधरा महिन्यांपासून बेपत्ता आहे आणि विभागाला त्याचा पत्ताच नाही. जिने दर महिन्याला भेट द्यायची ती केसवर्कर न जाताच सगळं ठीक असल्याच्या नोंदी करत होती. विभागाच्या प्रमुख कॅथलीन कर्नी यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

म्हणजे घरात मूल मरतं आणि सरकारच्या ताब्यातही मूल हरवतं. या दोन्ही अनुभवांतून निघालेला निष्कर्ष असा होता की मुलं शक्यतो आपल्या घरी, आपल्या माणसांत राहिली पाहिजेत. निष्कर्ष चुकीचा नव्हता. मुलाला आईपासून तोडणं हा स्वतःच एक घाव असतो, आणि फॉस्टर घरं म्हणजे काही गोकुळ नव्हे. एमआयटीचे अर्थशास्त्रज्ञ जोसेफ डॉयल यांनी २००७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या नोंदी तपासून दाखवलं होतं की ज्या मुलांच्या बाबतीत 'काढावं की ठेवावं' हे अगदी काठावर असतं, त्यांचं पुढचं आयुष्य घरी राहिल्यास जास्त बरं जातं. हा अभ्यास घरी ठेवण्याच्या बाजूने आजही पुढे केला जातो. पण त्यातली मुलं ५ ते १५ वर्षांची होती. दोन वर्षांखालचं मूल त्यात नव्हतंच.

धोरणाला बळ मिळालं ते पैशाने. केंद्र सरकारचा निधी पूर्वी मुख्यतः फॉस्टर घरात असलेल्या मुलांच्या संख्येवर मिळायचा. म्हणजे मूल घरातून काढलं तर पैसे, घरी ठेवून मदत केली तर जवळपास काही नाही. ही रचना विचित्र होती यात शंका नाही. २००६ मध्ये फ्लोरिडाने केंद्राकडून सवलत मिळवली: ठरावीक रक्कम मिळेल, मुलं कितीही असोत, आणि ती घरपोच सेवांवरही खर्च करता येईल. कल्पना चांगली होती. २००६ मध्ये सुमारे २९ हजार मुलं राज्याच्या ताब्यात होती. काही वर्षांतच हा आकडा २० हजारांच्या खाली आला. देशभर फ्लोरिडाचं कौतुक झालं, दुसऱ्या राज्यांचे अधिकारी बघायला आले.

अडचण एवढीच की मुलं जेवढी घरी राहिली तेवढी मदत घरी पोचली नाही. २००८ नंतरच्या मंदीत राज्याचं अंदाजपत्रक आटत होतं. उपचार, घरभेटी, देखरेख यांवरचा खर्च वाढायला हवा होता, तिथेच कात्री लागली. 'मुलं घरी' हा धोरणाचा स्वस्त अर्धा भाग अमलात आला. महाग अर्धा राहून गेला.

गोळ्यांचं राज्य

आणि नेमक्या याच काळात फ्लोरिडा वेदनाशामक गोळ्यांचं देशातलं सर्वांत मोठं दुकान झालं होतं.

ब्रॉवर्ड काउंटी आणि आसपास रस्त्याकडेच्या दुकानगाळ्यांमध्ये 'पेन क्लिनिक' उघडली होती. डॉक्टर आत बसून ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या गोळ्या लिहून द्यायचा आणि तिथेच, रोख पैसे घेऊन, विकायचाही. केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियाहून गाड्या भरभरून माणसं यायची. २०१० मध्ये अमेरिकेत सर्वाधिक ऑक्सिकोडोन विकणाऱ्या १०० डॉक्टरांपैकी ९८ एकट्या फ्लोरिडातले होते. हा आकडा राज्याच्या महाधिवक्ता पॅम बाँडी स्वतः सांगत. कोणत्या रुग्णाने कुठून किती गोळ्या घेतल्या याची राज्यव्यापी नोंदवही २०११ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने डॉक्टरांनी आपल्याच क्लिनिकमधून या गोळ्या विकणं बंद केलं.

तोवर गोळ्या घराघरांत पोचल्या होत्या. दारूचा वास येतो, चाल बिघडते, शेजाऱ्याला कळतं. ऑक्सिकोडोन घेणारी आई घरात स्वच्छ कपड्यांत बसलेली असू शकते, जवळ डॉक्टरची चिठ्ठी असते, आणि दीड तासाने ती सोफ्यावर अशी गाढ झोपते की रडण्याने जाग येत नाही. तपासनीस जातो तेव्हा फ्रीजमध्ये दूध असतं, घर आवरलेलं असतं. ६० दिवसांच्या तपासात दोन-तीन भेटी झाल्या तरी त्या वेळी ती जागी असली म्हणजे झालं.

याचा पहिला दाखला प्रसूतिगृहात मिळत होता. पोटात असताना आईकडून अफूवर्गीय औषध मिळत राहिलेलं बाळ जन्मल्यावर ते एकदम तुटल्याने थरथरतं, कर्कश रडतं, दूध घेत नाही, झोपत नाही. अशा बाळांचं प्रमाण फ्लोरिडात १९९५ नंतरच्या दीड दशकात दसपटीने वाढलं. केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेने राज्यातल्या तीन रुग्णालयांमधल्या २०१० आणि २०११ मधल्या अशा २४२ बाळांच्या नोंदी तपासल्या. व्यसनमुक्ती उपचारासाठी पाठवल्याची नोंद त्यांच्या मातांपैकी फक्त दहा टक्क्यांच्या आसपास स्त्रियांच्या कागदांवर सापडली. बाळाची लघवी तपासली होती, निदान लिहिलं होतं, बाळाला हळूहळू औषधावरून उतरवलंही होतं. आईला मात्र तशीच घरी धाडली. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी हुकलेली संधी ती आहे; बालकल्याण विभागाचं दार त्यानंतर येतं.

मृत्यू कसे येतात

नशा आणि मुलाचा मृत्यू म्हटलं की डोळ्यांपुढे मारहाण येते. तीही होती, आणि पुष्कळदा मारणारा बाप नसून आईचा नवा जोडीदार होता, ज्याच्याविषयी फाइलीत एक ओळही नसे, कारण तक्रार आईविरुद्ध होती. पण बरेच मृत्यू फार शांतपणे आलेले आहेत.

गोळ्या घेतलेली आई बाळाला कुशीत घेऊन झोपते. बाळ उशीत, गादीच्या फटीत किंवा तिच्या अंगाखाली गुदमरतं. जागी असलेली किंवा साधी झोपलेली आई कूस बदलताना सावध होते. नशेतली होत नाही. शवविच्छेदनात अशा गुदमरण्याच्या खुणा सहसा सापडत नाहीत, त्यामुळे 'कारण अनिश्चित' असा शेरा पडतो आणि पोलीस, डॉक्टर, विभाग सगळेच तो हतबलपणे मान्य करतात. इथे मराठी वाचकाला प्रश्न पडेल, आपल्याकडे तर बाळ आईजवळच झोपतं. बरोबर आहे, आणि आईजवळ झोपणं हा गुन्हा नाही. धोका कित्येक पटींनी वाढतो तो नशा, दारू, मऊ सोफा आणि अगदी लहान बाळ एकत्र आले की.

दुसरं कारण पाणी. फ्लोरिडात घरामागे पोहण्याचा तलाव असणं सामान्य आहे आणि कालवे जिथेतिथे. दोन वर्षांचं मूल उघड्या दारातून बाहेर जातं, मोठं माणूस आत बेशुद्धासारखं पडलेलं. तिसरं, उन्हात बंद गाडीत विसरलेलं मूल. चौथं, सांडलेली गोळी किंवा व्यसन सोडवण्यासाठी मोठ्यांना देतात त्या मेथाडोनचा घोट मुलाच्या पोटात जाणं. मोठ्याला रोज लागणारी मात्रा लहान मुलाचा श्वास थांबवायला पुरते.

हे प्रकार एकत्र पाहिले की एक गोष्ट दिसते. यांत मुलावर राग नाही, क्रूरता नाही, पुष्कळदा प्रेमही आहे. घरभेटीला गेलेल्या तपासनिसाला आई-मुलाची माया दिसते, तो तशी नोंद करतो, आणि ती नोंद खरी असते. पण या मुलांना गरज होती ती चोवीस तासांत एका तरी जाग्या माणसाची, आणि मायेची नोंद त्याविषयी काही सांगत नाही.

'मी पुन्हा घेणार नाही'

सेफ्टी प्लॅनवर सही झाल्यानंतर दगावलेली मुलं 'हेरल्ड'ने मोजली, तेव्हा ती ८० पेक्षा जास्त निघाली. काही घरांत असे एकाहून अधिक कागद सह्या होऊन पडलेले होते. किमान ३४ मुलांच्या घराविषयी मृत्यूपूर्वी हॉटलाइनवर दहा किंवा जास्त तक्रारी नोंदलेल्या होत्या.

या कागदांचा ठरावीक मजकूर असा: मुलाजवळ असताना नशा करणार नाही, अमक्या जोडीदाराला घरात घेणार नाही, बाळाला वेगळं झोपवीन, समुपदेशनाला जाईन. सही, तारीख. अमली पदार्थाचं व्यसन हा मेंदूचा आजार आहे, वचन मोडायला लावणं हेच त्याचं लक्षण आहे, हे विभागाच्याच प्रशिक्षणात शिकवतात. तरी धोका ओळखल्यावर उपाय म्हणून घेतलं जाई ते वचनच. मधुमेह्याकडून साखर वाढू देणार नाही असं लिहून घेण्यासारखं हे आहे.

तपासनिसांना नुसतं मूर्ख किंवा कामचुकार म्हणून भागत नाही. त्यांच्या जागी बसून बघावं. हाताखाली वीस-बावीस फाइली, कमी पगार, वर्ष-दोन वर्षांत सोडून जाणारे सहकारी, त्यामुळे समोरचा तपासनीस बहुधा नवखा. न्यायालयात जायचं तर विभागाच्या वकिलाला पटलं पाहिजे, आणि वकील विचारतो: मुलाला इजा झाली आहे का? झालेली नसते. नशा आहे, पण मूल खेळतंय, वजन ठीक आहे. पुरावा पुरत नाही. वरून, कार्यालयाच्या भिंतीवर महिन्याचा आकडा टांगलेला: ताब्यातली मुलं किती कमी झाली. अशा वेळी तिसरी वाट हीच एकमेव मोकळी वाट वाटते.

त्यात तपासाची पद्धत घटनेपुरती. आज तक्रार काय आहे, ती सिद्ध होते का, एवढंच. सहावी तक्रार आली की तिचा तपास पहिल्या तक्रारीसारखाच कोऱ्या पाटीने सुरू. घराचा आलेख काढणारं कुणी नाही. जुलै २०१३ मध्ये लागोपाठच्या मृत्यूंनंतर विभागाचे सचिव डेव्हिड विल्किन्स यांनी राजीनामा दिला, आणि प्रभारी सचिव एस्थर हाकोबो यांच्या काळात विभागाने केसी फॅमिली प्रोग्रॅम्स या संस्थेकडून त्या वर्षातल्या ४० मृत्यूंची तपासणी करून घेतली. तिथेही चित्र तेच: फार लहान मुलं, घरात नशा, जोडीला घरगुती हिंसा, आणि एकेका घटनेपुरता बघणारा तपास. आपल्या धोरणांचं कौतुक करणाऱ्या संस्थेनेच हे लिहून दिल्यावर विभागाला नाकारायला जागा उरली नाही.

आणखी एक गोष्ट मला महाराष्ट्रातून बघताना खटकते. अमेरिकेत मूल रुग्णालयातून घरी गेलं की शाळेत जाईपर्यंत त्याला नियमाने पाहणारं सरकारी माणूस नाही. ठरावीक दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, तेही आईबापांनीच. आपल्याकडे आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. प्रत्यक्षात प्रत्येक भेट होतेच असा दावा कुणी करणार नाही, आणि आशाताईला नशा ओळखायचं प्रशिक्षणही नसतं. पण गावातलीच बाई तक्रारीविना, वॉरंटविना घरात शिरते आणि बाळ उघडून बघते. फ्लोरिडात घरात शिरायला आधी कुणाच्या तरी विरुद्ध फोन व्हावा लागतो, आणि मग दार उघडणारी आई आधीच आरोपी असते.

मोजदाद

प्रकरणाचा हा भाग मला सर्वांत बोधक वाटतो. २०१० च्या सुमारास विभागाने हेळसांडीने झालेल्या मृत्यूची व्याख्या आवळली. आईबापांचं वागणं मुद्दाम किंवा घोर बेपर्वाईचं असेल तरच ती हेळसांड. परिणाम ताबडतोब दिसला: नशेत झोपलेल्या आईशेजारी गुदमरलेली आणि तलावात बुडालेली कित्येक मुलं हिशेबातून बाहेर पडली. मृत्यूंचा आकडा खाली आला. ताब्यातल्या मुलांचा आकडाही खाली आलेला होताच. दोन्ही आकडे एकत्र ठेवले की धोरण यशस्वी.

यात कुणी एकाने कट केला असं मानायची गरज नाही. पण नशेमुळे येणारे मृत्यू मुद्दाम घडवलेले नसतातच. बेशुद्ध माणूस काही मुद्दाम करत नाही. त्यामुळे 'मुद्दाम' हा शब्द व्याख्येत घातला की वगळले गेले ते नेमके याच प्रकारचे मृत्यू. ज्या धोरणाचा सर्वांत मोठा धोका नशेच्या घरांत होता, त्या धोरणाची परीक्षा नशेचे मृत्यू वगळून घेतली गेली.

आपल्याकडे तर मोजणीचा प्रश्न इथवरही पोचलेला नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बालकाची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर येऊन गेलेल्या किंवा १०९८ या बालकांच्या मदतक्रमांकावर ज्याच्याविषयी फोन आला अशा किती मुलांचा पुढे घरी मृत्यू झाला, हा आकडा, नावं वगळूनही, नागरिकासमोर येत नाही. फ्लोरिडाकडे बोट दाखवताना हे लक्षात असू द्यावं. त्यांची लक्तरं वेशीवर आली कारण त्यांच्याकडे वेशीपर्यंत कागद येण्याचा रस्ता होता.

कायदा आणि नंतर

यादी छापून आली तेव्हा विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. एरवी वर्षानुवर्षं रेंगाळणारा विषय त्याच अधिवेशनात मार्गी लागला आणि जून २०१४ मध्ये राज्यपाल रिक स्कॉट यांनी कायद्यावर सही केली. जादा तपासनिसांसाठी पैसा, त्यांच्यात समाजकार्याची पदवी असलेल्यांचं प्रमाण वाढवण्याचं उद्दिष्ट, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात बालकल्याणाची संशोधन संस्था, असं बरंच त्यात होतं. माझ्या मते महत्त्वाच्या तरतुदी तीनच.

सेफ्टी प्लॅनविषयीची तरतूद अशी की जे पालक सध्या मुलाचं रक्षण करायला समर्थ नाहीत त्यांच्या वचनांवर तो प्लॅन विसंबता कामा नये, आणि उपलब्ध नसलेल्या सेवांवरही नाही. कायद्याच्या कोरड्या भाषेतलं हे कलम वाचताना, प्रत्येक शब्दामागे कोणती फाइल असेल ते कळतं. दुसरी तरतूद: मागच्या बारा महिन्यांत ज्या घराविषयी तक्रार खरी ठरली होती तिथे मूल दगावलं, तर दोन कामकाजाच्या दिवसांत बाहेरच्या तज्ज्ञांसह चौकशी पथक पाठवायचं. तिसरी: हॉटलाइनवर कळवलेल्या प्रत्येक बालमृत्यूची नोंद, वय, काउंटी, कथित कारण आणि कुटुंब आधी विभागाला माहीत होतं का, हे सगळं विभागाने संकेतस्थळावर टाकायचं. व्याख्या काहीही असो, नोंद दिसणार. आजही कुणीही ती बघू शकतो.

यानंतर सुरळीत झालं असं नाही. राज्य पुन्हा दुसऱ्या टोकाला निघालं. गोळ्यांचे गाळे बंद झाल्यावर व्यसनी माणसं हेरॉइनकडे आणि मग त्याहून तीव्र अशा फेंटानिलकडे वळली. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की २०१२ ते २०१५ दरम्यान पालकांच्या हेळसांडीमुळे मुलं घरातून काढण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं, आणि ज्या काउंटीत अफूवर्गीय औषधांच्या चिठ्ठ्या वाढल्या तिथे हे प्रमाणही वाढलं. ताब्यातली मुलं पुन्हा वीस हजारांच्या वर गेली. त्यांना ठेवायला घरं नव्हती. २०२० मध्ये 'यूएसए टुडे'ने शोधून काढलं की याच लाटेत मुलं दाटीवाटीच्या फॉस्टर घरांत कोंबली गेली, आणि ज्यांच्याविरुद्ध आधी तक्रारी होत्या अशा फॉस्टर पालकांकडेही पाठवली गेली. तपासनीस आता एक मेलेलं मूल डोक्यात ठेवून काम करत होते. संशय आला की काढ.

उपचाराचा प्रश्न तसाच होता. आईने व्यसनमुक्ती केंद्रात बाळासह राहून उपचार घेणं, ही मधली वाट फ्लोरिडात होती, पण जागा मूठभर आणि रांग लांब. खर्चाचा रेटा वेगळ्या बाजूने आला. २०१८ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि जो निधी फॉस्टर घरांसाठीच होता तो पालकांच्या व्यसनमुक्तीवर, मानसिक उपचारांवर, आणि आईसोबत उपचारकेंद्रात राहणाऱ्या मुलावरही खर्च करायला परवानगी दिली. २००६ ची फ्लोरिडाची सवलत सप्टेंबर २०१९ अखेर संपली आणि तिची जागा या व्यवस्थेने घेतली. यात प्रत्येक कुटुंबासाठी एका वेळी बारा महिन्यांची मुदत आहे, आणि सेवा सिद्ध परिणाम असलेल्या यादीतली हवी. अफूवर्गीय व्यसनाचे उपचार बहुतेकांना त्याहून जास्त काळ लागतात, मध्ये एक-दोनदा माणूस घसरतोही. तरी तपासनिसाच्या हातात सहीच्या कागदाखेरीज देण्यासारखं काहीतरी आलं, जिथे उपचाराची जागा खरोखर रिकामी असेल तिथे.